चिमाजीअप्पांचें चरित्र: कागद आणि त्यांचें वाचन

वसईच्या मोहिमेनें चिमाजीअप्पांचें नांव घरोघरीं नेलें, परंतु त्याच मोहिमेनें त्यांचें चरित्र बऱ्याच अंशीं झांकूनही टाकलें. इ. स. १७३७ ते १७३९ या अवधींत ठाणें, साष्टी, माहीम, तारापूर, वेसावें, धारावी आणि अखेरीस वसई हीं स्थळें पोर्तुगीजांच्या हातून मराठ्यांकडे आलीं. तत्पूर्वीं ता. २९ नोव्हेंबर १७२८ रोजीं आमझेऱ्यास गिरिधरबहादुराचा पाडाव करणारे आणि ता. १९ एप्रिल १७३६ रोजीं सिद्दी साताचा निकाल लावणारे अप्पा हेच होत. वडील बंधु बाजीराव ता. २८ एप्रिल १७४० रोजीं रावेरखेडीस वारले. त्यानंतर आठ महिन्यांच्या आंत, ता. १७ डिसेंबरास, अप्पाही गेले. या कर्त्या पुरुषाचें चित्र आजवर कोणत्या कागदांवरून काढलें गेलें, आणि त्या कागदांनीं चित्रास कोणता रंग चढविला, याची छाननी करण्याचें येथें योजिलें आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, नवे कागद सांपडल्यानें या चरित्रांत जितका फेर पडला, त्याहून अधिक फेर जुने कागद कोणी, कोणास व कोणत्या हेतूनें लिहिले हें ध्यानीं धरून वाचल्यानें पडतो.

पहिलें चित्र बखरींचें. साष्टीची बखर आणि अंजूरकर नाइकांच्या घराण्यांतील हकीकती यांत गंगाजी नाईक व त्यांचे बंधु हे कथेचे खरे नायक असून अप्पा त्यांच्या विनंतीवरून धांवून येणारे कैवारी आहेत. मालाडच्या अंताजी रघुनाथांसारखे वतनदार फिरंग्यांच्या छळानें गांजले, त्यांनीं पुण्यास संधान बांधिलें, आणि मग मोहीम उभी राहिली, असा या कथेचा ओघ आहे. घराण्यानें आपल्या सेवेची हकीकत लिहून ठेविली म्हणजे तींत वतनाची व इनामाची दृष्टि असावयाचीच. म्हणून कांहीं चिकित्सक लेखक बखरीस अजिबात बाजूस सारतात. आम्हांस हें रुचत नाहीं. तारखा व आंकडे यांबाबत बखर दुबळी खरी. पण स्थानिक माणसांनीं वाटा दाखविल्या, बातमी पुरविली, आणि मोहीम केवळ पुण्याच्या मसलतीवर चालली नाहीं, ही गोष्ट प्रथम बखरीनेंच जपून ठेविली. साक्षीदार स्वार्थी असला म्हणून त्याची साक्ष सर्वस्वीं खोटी ठरत नाहीं. ती किती घ्यावयाची एवढेंच ठरवावयाचें असतें.

दुसरें चित्र धावडशीकर ब्रह्मेंद्रस्वामींच्या पत्रव्यवहारावरून तयार झालें. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनीं स्वामींचें चरित्र व पत्रें १९०० च्या सुमारास प्रसिद्ध केलीं, आणि राजवाडे यांनीं आपल्या साधनांच्या तिसऱ्या खंडाच्या प्रस्तावनेंत स्वामींच्या थोरवीची कसून झडती घेतली. या वादांत स्वामींचें काय व्हावयाचें तें झालें. परंतु अप्पांचें जें चित्र त्या पत्रांतून उठलें तें मात्र वादाविना तसेंच राहिलें. वसई पडल्यावर अप्पांनीं स्वामींस लिहिलेलें पत्र पुढील बहुतेक लेखकांनीं आधारास घेतलें आहे. त्यांत विजयाचें श्रेय स्वामींच्या आशीर्वादास दिलें आहे. आतां स्वामी हे पेशव्यांचे गुरु होते, तसेच त्यांचे सावकारही होते. गुरूस आणि सावकारास एकाच वेळीं लिहावयाचें पत्र कोणत्या भाषेंत लिहिलें जाईल, हें आमच्या वाचकांस सांगणें नलगे. त्या पत्रांतील भक्ति खोटी असें आम्हीं म्हणत नाहीं. परंतु अप्पांच्या मनाचा सगळा ठाव त्या एका पत्रांत सांपडतो असें धरणें म्हणजे जमाखर्चाच्या वहींतील पहिली श्रीकारयुक्त ओळ वाचून हिशेब समजला असें म्हणणें होय.

तिसरें चित्र पेशवे दफ्तराचें. हें दफ्तर दीर्घकाळ सरकारी कुलुपांत होतें व संशोधकांस सहजासहजीं पाहावयास मिळत नसे. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं १९३० ते १९३४ च्या दरम्यान त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. त्यांपैकीं १६ वा खंड वसईच्या मोहिमेचा आहे. या खंडानें अप्पांस देव्हाऱ्यांतून काढून मोर्चांत आणून बसविलें. दारूगोळा, होड्या, धान्य, खाडीची भरतीओहोटी, सरदारांचे रुसवेफुगवे, पैशाची ओढ, हे विषय येथें पदोपदीं येतात. शंकराजी केशव फडके, खंडोजी माणकर यांसारखे अंमलदार प्रत्यक्ष कामाचा भार कसा वाहात होते हें येथेंच दिसतें. यशवंत नरसिंह केळकर यांनीं मोहिमेवर जो स्वतंत्र ग्रंथ लिहिला, त्यावरून या कागदांचें मोल सर्वांस पटलें.

परदेशांतही असाच प्रकार घडलेला आढळतो. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या वेळचा अध्यक्ष अब्राहम लिंकन १८६५ च्या एप्रिलांत मारला गेला. त्याच्या दोघां खाजगी चिटणिसांनीं १८९० त दहा खंडांचें चरित्र प्रसिद्ध केलें. तें लिहितांना कागद लिंकनच्या मुलाच्या अनुमतीनें मिळाले होते. ते कागद सर्वांस खुले झाले ते १९४७ च्या जुलईंत. मधल्या काळांत लोकांनीं दंतकथांचा लिंकन रचिला. पुढें कागदांचा लिंकन आला, तरी दंतकथांचा गेला नाहीं. युद्धकाळच्या धुरीणाचें चरित्र प्रथम कृतज्ञ माणसें लिहितात आणि मागाहून दफ्तरें तपासतात, हा नियम दोहोंकडे सारखाच दिसतो. दफ्तर निवडणाराही माणूसच असतो, हें मात्र विसरतां कामा नये. ४५ खंड म्हणजे सबंध दफ्तर नव्हे. निवडींत जें सुटलें त्याचा विचार पुढील अभ्यासकांवरच आहे.

चौथें चित्र पोर्तुगीज बाजूचें. जर्सन द कून्य यांनीं १८७६ त चौल व वसई यांचा इतिहास इंग्रजींत लिहिला, आणि पांडुरंग पिसुर्लेकर यांचा गोव्याच्या दफ्तरांवर आधारलेला ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा मराठी ग्रंथ १९६७ त प्रसिद्ध झाला. या साधनांचा पहिला उपयोग कालनिर्णयाचा. वसईच्या तहाची तारीख इंग्रजी ग्रंथांत ५ मे १७३९, तर पोर्तुगीज कागदांत १६ मे. ही तफावत पाहून कोणी एका पक्षास खोटें ठरवूं लागला तर तो फसेल. इंग्रजांनीं जुनी गणना १७५२ पर्यंत चालविली, पोर्तुगीजांनीं नवी गणना आधींच स्वीकारिली होती, आणि दोहोंत त्या वेळीं ११ दिवसांचें अंतर होतें. म्हणजे साक्षी दोन, दिवस एकच. या लेखांतील इतर तारखा जुन्या गणनेच्या आहेत.

दुसरा उपयोग आंकड्यांचा. ग्रँट डफनें १८२६ च्या आपल्या इतिहासांत मराठ्यांच्याच कबुलीप्रमाणें त्यांचे ५,००० हून अधिक लोक मेले व जखमी झाले असें दिलें आहे. पोर्तुगीजांकडील आंकडा ८०० आहे. हे आंकडे शेजारीं ठेवून वाचले म्हणजे, कोट पडत नसेल तर आपलें शिर तोफेंत घालून आंत उडवावें असें अप्पा म्हणाल्याची जी आख्यायिका आहे, तिची खरी किंमत कळते. अशी वाक्यें वीरांच्या तोंडीं घालण्यास परंपरा नेहमीं तयार असते. पाडाव झालेल्या फिरंगी स्त्रीस सन्मानानें परत पाठविल्याची गोष्ट घ्या, तशीच कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट शिवछत्रपतींविषयीं सांगतात. एकच कथा दोन नायकांस चिकटली म्हणजे ती घटनेपेक्षां आदर्शाची साक्ष देते. सुरुंग, खंदक आणि हजारों माणसांचा खर्ची पडलेला जीव यांची साक्ष मात्र कोणत्याही आख्यायिकेहून जड आहे.

तिसरा उपयोग सर्वांत महत्त्वाचा. तहाच्या कलमांप्रमाणें पोर्तुगीज शिबंदी शस्त्रांसह, वाजतगाजत बाहेर पडली, जाणारांस मालमत्ता नेण्याची मोकळीक मिळाली, आणि राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस आपला धर्म पाळण्याची मुभा राहिली. ‘धर्मोद्धारक’ या एकाच शब्दांत अप्पांस बसविणाऱ्यांस हीं कलमें अडचणीचीं वाटतात, म्हणून तीं बहुधा गाळलीं जातात. वास्तविक त्यांतच अप्पांच्या राजनीतीचें मर्म आहे. फिरंग्यांनीं देवळें पाडलीं व रयत छळली हें खरें. पण जिंकलेला मुलूख वसता ठेवावयाचा तर त्यांतील कुणबी, कोळी व भंडारी, मग ते कोणत्याही देवास भजोत, पळतां कामा नयेत, हें पुण्याच्या मसलतकारांस कळत होतें.

याचा पुरावा पाहावयाचा तर दूर जावयास नको. साष्टीच्या उत्तर टोंकास दहिसर आहे. तेथून जवळच दहिसर नदीच्या परिसरांत मंडपेश्वराचीं लेणीं आहेत. मूळ शैव गुंफा, आंत नटराजाचें शिल्प. सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस्कन पाद्री आंतोनियु दु पोर्तु यानें ती जागा घेऊन तेथें चर्च व मठ उभारिला. भिंतीवर क्रूस कोरला गेला. १७३७ त साष्टी मराठ्यांकडे आली व १७७४ च्या डिसेंबरांत ठाणें पडून इंग्रजांकडे गेली. आज गुंफेंत शिवपूजा होते, वर मठाच्या पडक्या भिंती उभ्या आहेत, आणि भोंवतालीं ख्रिस्ती वस्तीही नांदते आहे. जो चरित्रकार केवळ नटराज पाहील, किंवा केवळ क्रूस पाहील, त्यास अप्पांचा काळ अर्धाच दिसेल. भीमाशंकर व नाशिकचें नारोशंकराचें देऊळ येथें टांगलेल्या फिरंगी घंटांविषयींही हेंच म्हणतां येईल. त्या विजयचिन्हें आहेत, तशाच त्या हरपलेल्या चर्चांच्या कागदांइतक्याच मोलाच्या साक्षी आहेत.

यावरून संग्राहकांस आमची विनंति अशी. वसई-साष्टीकडील कागद गोळा करतांना वतनदारांच्या दप्तरांपाशींच थांबूं नये. दहिसर, बोरिवली, भाईंदर, वसई या टापूंतील ख्रिस्ती घराण्यांचे जमिनीचे दाखले, चर्चांतील जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, कोळी व आगरी पाड्यांतील जुने करारमदार हेही या मोहिमेचे कागद आहेत. इमारती उठत आहेत, जुनीं घरें पडत आहेत, आणि पेटी उघडली जाण्यापूर्वींच ती रद्दींत जाण्याचें भय आहे. मूळ कागद मालकापासून न हिरावतां त्याची नक्कल व छायाचित्र घ्यावें, कागद कोणाच्या घरीं, कोणत्या अवस्थेंत मिळाला हें टिपून ठेवावें, आणि तारीख देतांना गणना जुनी कीं नवी हें अवश्य नोंदवावें. चिमाजीअप्पांची थोरवी या परीक्षेनें कमी होईल अशी भीति बाळगण्याचें कारण नाहीं. जो पुरुष तहाचीं कलमें पाळून जिंकलेल्या रयतेस राहूं देतो, त्याचा पराक्रम आख्यायिकांच्या टेंकूशिवायही उभा राहतो.