ठणठणपाळचा चेहरा : वसंत सरवटे यांच्या रेखाटनांचा विचार

मराठी नियतकालिकांच्या अभ्यासात मजकुराची मीमांसा विपुल झाली. त्या मजकुरालगत छापलेल्या रेखाटनांकडे मात्र बहुधा 'सजावट' म्हणूनच पाहिले गेले. वसंत सरवटे (१९२७-२०१६) यांच्या संदर्भात ही दृष्टी अपुरी ठरते.

'ललित' मासिकात जयवंत दळवी 'ठणठणपाळ' या टोपणनावाने साहित्यविश्वाची थट्टा करणारे सदर लिहीत. टोपणनावाला देह नसतो. सरवटे यांनी तो दिला : हातात हातोडा घेतलेला ठणठणपाळ. येथे चित्र मजकुराचा अनुवाद करीत नाही, तर मजकुराला वक्ता पुरवते. लेखक पडद्याआड राहतो. साहित्यिकांवर बसणारे टोले व्यक्तिगत आकसाचे न वाटता एका विनोदी पात्राचे वाटतात. म्हणजेच सदराच्या खेळकर स्वराचे श्रेय काही अंशी चित्रकाराकडे जाते.

चित्रामुळे वाचकाची कल्पनाशक्ती बांधली जाते, असा आक्षेप संभवतो. कथाचित्रांबाबत तो काही प्रमाणात ग्राह्य आहे. परंतु व्यवसायाने स्थापत्य अभियंता असलेल्या सरवटे यांची रेषा मोजकी आहे. ती पात्राची वृत्ती सुचवते, उर्वरित तपशील वाचकावर सोपवते.

असे लेखन चित्रांवाचून पुनर्मुद्रित झाल्यास शब्द टिकतात, पण वक्ता हरवतो. म्हणूनच नियतकालिकांच्या सूचींमध्ये लेखकाबरोबर चित्रकाराचीही नोंद होणे आवश्यक आहे. तशी नोंद नसेल, तर पुढील अभ्यासकाच्या हाती अर्धाच मजकूर येईल.