हिंसेची कारणमीमांसा : दोन नाटके आणि एक आत्मकथन

पुरुष आपल्या स्त्रीला का मारतो, या प्रश्नाला विजय तेंडुलकरांच्या दोन नाटकांनी जवळजवळ एकच उत्तर दिले आहे. ‘सखाराम बाइंडर’ (१९७२) मधील जन्माने ब्राह्मण असलेला सखाराम बापाच्या माराला कंटाळून लहानपणीच घर सोडतो. ‘कन्यादान’ (१९८३) मधील दलित अरुण आईला मारणारा दारुडा बाप पाहत वाढतो. दोन्ही संहिता एकत्र वाचल्या, तर ही हिंसा कोणा एका जातीच्या माथी मारता येत नाही, हे ध्यानात येते. परंतु बालपणीची जखम हिंसेची पार्श्वभूमी सांगते, तिचे लक्ष्य सांगत नाही. अरुणचा अपमान समाजाने केला. मार मात्र ज्योतीला बसतो.

हा सांधा बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) या आत्मकथनात उलगडतो. गुलामीत जखडलेल्या माणसांनाही सत्ता हवीशी वाटली आणि ती गाजवायला घरातली सून सापडली, असे त्या नोंदवतात. तिच्या छळात सासूही सामील असे. त्यामुळे हा निव्वळ पुरुषी स्वभावाचा प्रश्न उरत नाही; प्रतिकार करू न शकणाऱ्या व्यक्तीवर हात उगारण्याच्या समाजमान्य मुभेचा ठरतो. हे लेखन त्यांना अनेक वर्षे नवऱ्यापासून लपवावे लागले, ही वस्तुस्थितीही या मुभेचीच साक्ष देते.

कारण उमगणे म्हणजे दोषमुक्ती नव्हे. मारणाऱ्याच्या जखमेची सहानुभूतीने चिकित्सा करणाऱ्या समीक्षेने ही मुभा त्याला कोण देते, हेही विचारले पाहिजे.