श्रवणयंत्राचे मापन आणि श्रोत्याचे मस्तक : एक चिकित्सा

श्रवणयंत्राचे ध्वनिवर्धन २ घन सेंटिमीटरच्या प्रमाणित पोकळीत मोजण्याची पद्धत रूढ आहे. या मापनात श्रोत्याचे मस्तक विचारातच घेतले जात नाही. ३००० हर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ११ सेंटिमीटर, म्हणजे मस्तकाच्या रुंदीहून कमी असते. त्यामुळे पलीकडच्या बाजूने येणारा असा ध्वनी मस्तकाच्या छायेत क्षीण होतो. २५० हर्ट्‌झचा ध्वनी मात्र वळसा घालून कानाशी पोहोचतो. परिणामी स्वर ऐकू येतात. 'स', 'श' यांसारखी व्यंजने निसटतात.

ही उणीव ओळखून अमेरिकेत १९७२ मध्ये 'केमार' हा मस्तक व धड असलेला पुतळा सिद्ध झाला. हे पाऊल निःसंशय महत्त्वाचे होय. तथापि तो पुतळा प्रौढांच्या मध्यम मोजमापांवर बेतलेला आणि उघड्या डोक्याचा आहे. अमरावती-अकोल्याच्या उन्हाळ्यात मात्र पदर किंवा दुपट्टा डोक्याकानांवरून घेतल्याखेरीज बाहेर पडणे कठीण. कानामागील यंत्राच्या मायक्रोफोनवर कापड घासले की खरखर वाढते, आणि जाड कापडाने उच्च वारंवारतेचे ध्वनी मंदावतात.

केंद्र शासनाच्या १९८१ पासूनच्या 'एडिप' योजनेतून श्रवणयंत्रे वितरित होतात. मिळालेले यंत्र पेटीत पडून राहिल्यास वापरणाऱ्याच्या अनास्थेस दोष देण्यापूर्वी, कर्णनलिकेत सूक्ष्म नळी ठेवून, नेहमीच्या पेहरावासह, प्रत्यक्ष कानातील ध्वनी मोजला गेला होता काय, हे तपासले पाहिजे. पुतळ्यावरील मापन यंत्रांच्या परस्पर तुलनेस पुरेसे आहे. वऱ्हाडातील श्रोत्यास यंत्र जुळवून देण्यास ते अपुरे ठरते.