अंकलिपीतील ‘ण’ आणि ‘ळ’ : खान्देशी बालकाच्या अक्षरलेखनाचा विचार

बाजारात मिळणाऱ्या अंकलिपीची रचना वर्षानुवर्षे फारशी बदललेली नाही. एका चौकटीत अक्षर, चित्र आणि चित्राचे नाव. ‘क’ ते ‘ज्ञ’ हा क्रम मुख्यतः उच्चारस्थानांवर आधारलेला असल्याने पाठांतराला सोयीचा आहे. लेखनाला तो अडचणीचा ठरतो. बोटांना वळण लागण्यापूर्वीच ‘क’, ‘ख’ ही अवघड अक्षरे गिरवावी लागतात. ग-म-न, व-ब-क अशा आकारसाम्याच्या गटांनी हेच काम पुष्कळ सुकर होते.

खान्देशात याहून मोठा प्रश्न उच्चाराचा आहे. ‘ण बाणाचा’, ‘ळ बाळाचा’ असे मुलाकडून घोकून घेतले जाते. परंतु अहिराणी वा तावडी बोलणाऱ्या पुष्कळ घरांत पाणी हे ‘पानी’ असते, डोळा हा ‘डोया’ असतो. जळगाव हा केळीचा जिल्हा. तेथे केळीसुद्धा ‘केयी’ होते! चित्र ओळखीचे असते, त्यातला ध्वनी मात्र घरी ऐकलेला नसतो. मग पाटीवर ‘पानी’ उमटले की ती लेखनाची चूक ठरते. वस्तुतः मुलाने ऐकलेला ध्वनी अचूक लिहिलेला असतो. अंकलिपीकारांनी ही बाब लक्षात घेतलेली दिसत नाही.

असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी १९५२ मध्ये ग्रंथरूप झाली, तेव्हा ‘माणूस’ हा शब्द ‘मानूस’ असाच छापला गेला. ग्रंथाला जे मान्य झाले ते पहिलीच्या पाटीने का नाकारावे? ‘पानी’ खोडण्याऐवजी शेजारी ‘पाणी’ लिहून दोन्ही शब्द मोठ्याने म्हणवून घेतल्यास ‘ण’ आधी कानाला कळतो, मग हाताला.