तकदीर, कसब आणि बाबू गेनू

आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचा बाबू गेनू सैद हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत, काळबादेवी भागात, विलायती कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि चिरडला गेला. त्याच्यावर भाषणांतून, पोवाड्यांतून, शाळकरी चरित्रांतून जे लिहिले-बोलले जाते त्यात एक सूर हटकून ऐकू येतो: नियतीनेच त्याला निवडले, हौतात्म्य त्याच्या कपाळी लिहिलेले होते. हे सारे श्रद्धेपोटी येते, हे खरे. पण कपाळीच लिहिले होते तर बाबूने केले काय?

आपल्या वाचकांना हा वाद नवा नाही. उमय्या खलिफांच्या काळात ‘घडते ते अल्लाहच्या मर्जीने’ हे म्हणणे सत्तेच्या मोठ्या सोयीचे होते. जुलमाची जबाबदारी जुलूम करणाऱ्याचीच, असे कदरिया पंथाचे लोक म्हणत. घैलान दमिश्की यांना तर प्राणास मुकावे लागले. मुंबईतही तेच झाले. सरकारी बाजूने बाबूचा मृत्यू अपघात ठरवला गेला. अपघात म्हणणारा आणि नियती म्हणणारा, दोघेही कर्त्याला पुसून टाकतात. एक मारणाऱ्याला, दुसरा मरणाऱ्याला.

पुढे इमाम अशअरी यांनी मधली वाट काढली: कृती निर्माण करतो अल्लाह, पण माणूस ती ‘कस्ब’ करतो, म्हणजे कमावतो. मराठीतले ‘कसब’ याच शब्दापासून आले. (आपण तो हातच्या कौशल्यापुरता ठेवला, ही गोष्ट वेगळी.) चरित्रकाराला हा शब्द ‘नियती’पेक्षा अधिक उपयोगी पडावा. गरिबीने बाबूला गावातून गिरणीत ढकलले, ते जबरीचे. तशी ढकलली गेलेली माणसे गिरणगावात हजारोंनी होती. ट्रकपुढे आडवे होणे मात्र त्याने कमावले. हा फरक लिहिला नाही, तर गरिबीही दैवी ठरते आणि धैर्यही.

याच प्रसंगाच्या सांगितल्या जाणाऱ्या कथेत आणखी एक माणूस आहे. ट्रकचा हिंदी चालक. माणसावरून गाडी घालण्यास त्याने नकार दिला आणि मग गोऱ्या सार्जंटने चाक हाती घेतले, असे सांगतात. म्हणजे एकाच हुकुमापुढे दोन माणसे दोन तऱ्हेने वागली. बहुतेक लेखनात या चालकाला एखादेच वाक्य मिळते. पुढच्या चरित्रकाराने तिथे जरा थांबावे.