लॉजिस्टिक्सविषयक संशोधनातील सहलेखन : स्वरूप व परिणाम

लॉजिस्टिक्स हे मुळातच आंतरविद्याशाखीय अभ्यासक्षेत्र होय. गोंदिया शहराजवळील मुर्री येथील शेतकऱ्याचे धान आधारभूत खरेदी केंद्रावर जाते, भरडाईसाठी गिरणीत पोहोचते आणि तांदूळ होऊन शासकीय गोदामामार्गे रास्त भाव दुकानात येते. या प्रवासाचा अभ्यास करावयाचा झाल्यास वाणिज्य, भूगोल व संख्याशास्त्र या विषयांच्या अभ्यासकांनी एकत्र येणे इष्टच ठरते.

तथापि लेखकसंख्येवरून संशोधनाचा कस ठरत नाही. मुंबईच्या डबेवाल्यांवर एन. रविचंद्रन यांनी अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत २००५ मध्ये एकट्याने निबंध लिहिला. हार्वर्ड बिझनेस स्कूलचा २०१० मधील व्यष्टी अभ्यास स्टीफन थॉम्के व मोना सिन्हा या दोघांच्या नावे आहे, तर २०१२ मध्ये थॉम्के यांनी याच विषयावर स्वतंत्र लेख लिहिला. डब्यावरील खुणांची पद्धत घडविणारे व रोज वापरणारे डबेवाले मात्र यांपैकी कोठेही लेखक नाहीत. ते केवळ अभ्यासविषय राहिले.

खरा पेच गुणांकनाचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार दोन लेखक असल्यास प्रत्येकास ७० टक्के गुण मिळतात; अधिक असल्यास प्रमुख लेखकास ७० व इतरांना प्रत्येकी ३० टक्के. वाणिज्य शाखेत निबंधास १० गुण आहेत. म्हणजे दोघांनी लिहिलेला निबंध एकूण १४ गुणांचा, तर पाच जणांचा १९ गुणांचा होतो! दोन प्राध्यापकांनी प्रत्येकी एक निबंध लिहून त्यावर परस्परांची नावे घातली, तर प्रत्येकाच्या पदरी १० ऐवजी १४ गुण पडतात. हंगामभर खरेदी केंद्रावर बसून एकट्याने नोंदी घेणारा अभ्यासक १० गुणांवरच थांबतो. अशा नियमातून सहकार्याला उत्तेजन मिळते असे म्हणणे धाडसाचे आहे. उत्तेजन मिळते ते नावांच्या देवाणघेवाणीला.

जबाबदारीचा प्रश्नही यातूनच उद्भवतो. वाहतूक खर्चाच्या आकड्यांत चूक आढळल्यास पाचांपैकी कोणाला विचारायचे? क्रेडिट या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत संकल्पना, सामग्री संकलन, विश्लेषण, लेखन अशा १४ भूमिका दिल्या आहेत. महाविद्यालयीन नियतकालिकांनी निबंधाखाली तेवढ्या चार ओळी सक्तीच्या केल्या, तर खर्च लागत नाही. गिरणीच्या फाटकावर ट्रक कोणी मोजले आणि तक्ता कोणी मांडला, हे वाचकाला त्याच पानावर कळेल.