वाचणे : एक श्लेष आणि एक कर्ता

इंग्रजीतील ‘रीड’ या क्रियापदाचे जुने अर्थ सल्ला देणे, कोडे उलगडणे असे आहेत. ‘रिडल’ हा त्याच कुळातील शब्द. मराठी ‘वाचणे’ संस्कृत ‘वच्’ धातूच्या प्रयोजक रूपापासून, ‘वाचयति’पासून, आले : लिखिताला बोलते करणे. ‘रीडिंग’साठी आपण ‘वाचन’ योजतो तेव्हा उकलीच्या जागी उच्चार येतो. ही तफावत समीक्षेत क्वचितच विचारात घेतली जाते. ‘वाचाल तर वाचाल’ हा श्लेष मात्र सिद्धान्ताच्या थाटात वावरतो. व्युत्पत्तीचा त्याला आधार नाही. जीव वाचणे हे क्रियापद निराळे. जुन्या लेखनात ते ‘वांचणें’ असे अनुस्वाराने ओळखू येई. १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले आणि डोळ्यांना दोन्ही रूपे एकच झाली.

पुढे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. तेथे ‘तो वाचला’ याचा अर्थ कोणाला शोधावा लागला नसेल. पण त्याच ढिगाऱ्यापाशी ‘पुस्तक वाचले’ असे म्हटले तर? ते बचावले, की कोणी वाचून काढले? ‘तिने’ हा एक शब्द जोडताच संदिग्धता संपते.

व्याकरणाचा हा निवाडा समीक्षेने गंभीरपणे घ्यावा. कर्त्याविना ग्रंथ केवळ शिल्लक राहतो. वाचक लाभला की तो बोलू लागतो. वाचकाला वगळून संहितेची स्वायत्तता सांगणाऱ्या मांडणीत ‘वाचणे’ या शब्दाचा दुसराच अर्थ तेवढा उरतो.